बागेत लोखंड आहे, वस्ताद नाही

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतल्या बागांमध्ये ओपन जिम आली. कुठे नगरसेवक निधीतून, कुठे आमदार निधीतून. सकाळी जाऊन पाहा. यंत्रांवर शाळकरी पोरं लोंबकळत असतात आणि साठी ओलांडलेली मंडळी बाकावरून त्यांची गंमत बघत असतात. एखादे काका धीर करून चढतात, दोन मिनिटं पाय झोकतात, उतरतात आणि म्हणतात, ‘आता या वयात कुठे!’ मला यात वयाचा दोष दिसत नाही, पालिकेच्या अर्ध्यावर सोडलेल्या कामाचा दिसतो.

१. ‘मी रोज फिरायला जातो की!’ हे उत्तर अपुरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी तीन गोष्टी सांगितल्या: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. भरभर फिरण्याने पहिली गोष्ट साधते. उरलेल्या दोन राहून जातात आणि त्यांचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो. पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, एसटीची पहिली पायरी उंच वाटू लागते. पायरी होती तेवढीच असते.

२. उशीर झाला, हेही खरं नाही. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम दिला. वय सरासरी नव्वद. ज्या नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीच्या वर गेली. प्रयोग लहान होता, मान्य. पण त्यात प्रत्येकाचं वजन ठरवून, बेताबेताने वाढवलं होतं आणि देखरेखीला माणूस होता. आपल्या बागेत नेमकं हेच नाही.

३. बागेतल्या बहुतेक यंत्रांवर वजन कमी-जास्त करता येत नाही. बसणाऱ्याचं स्वतःचं अंग हेच ओझं. ज्या आजींना खुर्चीतून उठताना कष्ट पडतात त्यांना ते झेपत नाही आणि ज्यांना सहज झेपतं त्यांची ताकद महिन्याभरानंतर वाढायची थांबते. तालमीत नव्या पोराच्या हातात कुणी पहिल्या दिवशी जड करेला देत नाही. हलकी मुद्गल जोडी देतात, वस्ताद बाजूला उभा राहून खांदा कुठे वळतोय ते बघतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून. शिकवणारा माणूस असल्याशिवाय व्यायामशाळा होत नाही, हे या राज्याला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको होतं. बागेत वस्तादाच्या जागी एक फलक आहे आणि त्यावर व्यायामाच्या चित्रापेक्षा उद्घाटकाचं नाव मोठं आहे.

४. खासगी जिम हा पर्याय सांगितला जातो. मी एकसष्टाव्या वर्षी एकीत नाव घातलं. प्रशिक्षक पोरगा गोड होता, मला ‘अंकल’ म्हणायचा. त्याने माझं वजन विचारलं, रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं नाही. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका. पुढचे पंधरा दिवस मी जिना उलटा उतरत होतो. पुन्हा गेलो नाही. वर्षाची फी मात्र भरलेली. आणि साडीतल्या बाईने त्या ढणढणत्या संगीतात, आरशांसमोर, कुणाला काय विचारायचं?

५. जपानमधल्या कोची शहराने (केरळातलं नव्हे) २००२ साली वेगळी वाट धरली. वस्तीतल्या सभागृहात म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसतात, मनगटाला आणि घोट्याला वजनाचे पट्टे बांधतात आणि गाण्याच्या संथ लयीत हात-पाय उचलतात. पट्ट्यात लहान लहान वजनं घालून भार थोडा थोडा, २.२ किलोपर्यंत वाढवता येतो. हा उपक्रम पुढे जपानभर पसरला. खर्च खुर्च्यांचा आणि पट्ट्यांचा.

६. म्हणून मागणी नव्या यंत्रांची नाही. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून दोन सकाळी, एक तास, बारा-पंधरा जणांच्या गटाला एक जाणता शिक्षक द्या, आणि तो सलग आठ आठवडे तोच असू द्या. पहिल्या दिवशी व्यायाम नको, विचारपूस हवी: गोळ्या कोणत्या, छातीत कधी दुखलं का, गेल्या वर्षात पडलात का, सांधा बदललाय का. शंका असेल त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, आधार धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं आणि दोन हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन दहा पावलं. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, सुरुवातीला एकदाच. शेवटचे दोन जड जावेत, पण श्वास रोखून धरायचा नाही. त्याने रक्तदाब एकदम चढतो. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. चक्कर आली, छातीत दडपलं, तर तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील. हे आधी सांगितलं नाही, तर निम्मा गट तिसऱ्या दिवशी येणार नाही.

७. पैसे कुठून, हा प्रश्न ठरलेला. शहराशहरात निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, फिजिओथेरपी महाविद्यालयांत इंटर्नशिप करणारी मुलं-मुली आहेत. त्यांना थोडं प्रशिक्षण आणि रास्त मानधन द्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे सुमारे १ कोटी ११ लाख होते. त्यांतल्या एकाचा खुबा मोडला की शस्त्रक्रियेचा खर्च आणि सुनेची किंवा लेकीची बुडालेली नोकरी पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. घरात दिसते.

ज्येष्ठ नागरिक संघांना एक विनंती. या महिन्याच्या बैठकीत सहलीचा विषय थोडा मागे ठेवा आणि प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. तीनच ओळी पुरेत: बाग कोणती, वार कोणते, येणारी माणसं किती. खाली सह्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.