‘जमावाने मारलं’ या वाक्याविरुद्ध

राईनपाड्याचा विषय निघाला की आमच्या धुळ्यात दोन वाक्यं ठरलेली आहेत. ‘अफवेने घात केला’ आणि ‘जमावाला डोकं नसतं’. ती बोलणारी माणसं वाईट नसतात, बहुतेकांना झाल्या गोष्टीची लाजही वाटते. पण या दोन वाक्यांनी मिळून एक काम चोख केलं आहे. पाच खून झाले आणि ते कुणीच केले नाहीत, अशी व्याकरणाची सोय लावून दिली आहे. कर्ता कधी अफवा, कधी जमाव. माणूस कुठेच नाही.

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. गावोगाव फिरून भिक्षा मागणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा मोबाइलवर धो धो फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त सांगितलं गेलं. मारहाण सुरू झाली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं गेलं आणि त्या खोलीत ते मरेपर्यंत मारले गेले. त्याचं मोबाइलवर चित्रीकरणही झालं. डोकं नसलेल्या जमावात कुणाला तरी मोबाइल काढून तो नीट धरून ठेवण्याइतकं डोकं होतं, हे आपण नेहमी विसरतो.

ज्याला विचाराची सवडच मिळाली नाही असा जमाव बघायचा असेल तर तोही आपल्या खान्देशातच सापडतो. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या मधे, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आरोळी उठली. साखळी ओढली गेली. गाडी थांबली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान 12 जण गेले. त्यांच्याकडे होते काही क्षण. धूर खरा की खोटा याची खातरजमा करत बसायचं की शेजारचा पळतोय त्याच्यामागे पळायचं? पळणं हाच शहाणपणा होता, तो त्यांच्या जिवावर उठला हे दुर्दैव. त्यांनी दुसऱ्या कुणाला मारलंही नाही. पण आपण दोन्हीकडे ‘अफवा’ हा एकच शब्द वापरतो, आणि परधाड्याच्या मेलेल्यांची निरागसता राईनपाड्याच्या मारणाऱ्यांना उसनी देतो. बाजारातून ग्रामपंचायतीपर्यंत माणसाला ओढत न्यायला, दार गाठायला, काठी शोधायला वेळ लागतो. त्या वेळात प्रत्येकाने काही ना काही ठरवलेलं असतं.

‘जमावाला डोकं नसतं’ हे काही आपल्या आजीचं वाक्य नाही. 1895 साली गुस्ताव ल बों या फ्रेंच लेखकाने ते पुस्तक लिहून रुजवलं. संपावर जाणाऱ्या मजुरांची धास्ती घेतलेल्या वर्गाला ते फार आवडलं. पुढे 1980 साली ब्रिस्टलमध्ये दंगल झाली. स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला, तर दिसलं की लोकांनी पोलिसांवर हल्ला केला, बँकेवर केला, पण वस्तीतली घरं आणि आपली दुकानं सोडून दिली. जमाव निवडतो. राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी बाहेरगावचे व्यापारीही असणारच. मार खाल्ला तो भटक्यांनी, ज्यांच्या बाजूने बोलायला त्या बाजारात कुणीही ओळखीचा नव्हता. ही निवड अफवेने केली नाही, ती आपल्या जुन्या संशयांनी केली.

इथे शहरातला वाचक मान हलवतो आणि म्हणतो, ‘अशिक्षित आदिवासी, दुर्गम भाग.’ याचा मला सर्वांत जास्त राग आहे. ते मेसेज राईनपाड्यात तयार झाले नव्हते. पाकिस्तानातल्या बालसुरक्षेच्या एका जाहिरातीचा शेवट कापून ती क्लिप देशभर फिरली, ती शिकलेल्या अंगठ्यांनीच पुढे ढकलली. आपल्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शिक्षकांच्या ग्रुपवर ‘सावध राहा, शेअर करा’ आलं तेव्हा कितींनी ‘हे कुठून आलं?’ असं विचारलं? विचारलं असतं तर ‘जाऊ दे ना भो’ हे उत्तर मिळालं असतं.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात रेषांच्या लांबीचे प्रयोग केले. आधीच पढवलेले सगळे जण धडधडीत चुकीचं उत्तर देत होते. पाहुण्या माणसाने ते साधारण एक तृतीयांश वेळा मान्य केलं. एवढंच आपण सांगतो आणि ‘बघा, माणूस मेंढरू’ म्हणतो. उरलेल्या दोन तृतीयांश वेळा तो सगळ्यांविरुद्ध खरं बोलला, हे सांगत नाही. आणि पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी शरण जाण्याचं प्रमाण चौथाईपर्यंत खाली आलं. एक जण पुरला.

प्रयोगशाळा सोडा. राईनपाड्याच्याच रात्री शेजारच्या मालेगावात हीच अफवा, असाच जमाव आणि एक परगावचं कुटुंब, सोबत दोन वर्षांचं मूल. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलिस येईपर्यंत बाहेर दिलं नाही. लोकांनी पोलिसांची गाडी उलटवली. कुटुंब वाचलं. मालेगावबद्दल आपण एरवी काय काय बोलतो ते आठवून पाहावं.

असा एक जण प्रत्येक वेळी का निघत नाही? कारण त्याची किंमत आपण आधीच ठरवून ठेवली आहे. जातपंचायतीला उलट बोललं की वाळीत टाकणं महाराष्ट्रात इतकं पक्कं होतं की 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. ‘चार लोक काय म्हणतील’ हे ऐकत वाढलेला मुलगा विसाव्या वर्षी बाजारात उभा राहून चारशे लोकांना ‘थांबा’ म्हणेल, ही अपेक्षाच थट्टेची आहे.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याच महिन्यात, 17 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. दोन्ही ठीकच. पण हा अधिकारी बसतो धुळ्यात किंवा जळगावात, आणि दार असतं गावात. आठवडे बाजार भरणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ठराव करून फळ्यावर पाच नावं लिहावीत: अनोळखी माणसावर संशय आला तर त्याला आत घेऊन दारात कोण उभं राहणार. पोलिस पाटील, ग्रामसेवक, सरपंच आणि बाजारातले दोन जुने दुकानदार. नावं खडूने नव्हे, रंगाने लिहावीत.