पाहुणे शब्द, घरची क्रियापदे

रमजानच्या महिन्यात शहागंज, सिटी चौक, रोशन गेट परिसरात संध्याकाळी इफ्तारची लगबग असते. महिना सरत आला की फित्रा दिला जातो आणि मग येते ईद-उल-फित्र. इफ्तार, फित्रा, फित्र हे तिन्ही शब्द एकाच घरचे आहेत. फ-त-र ही तीन व्यंजने म्हणजे त्यांचा धातू. रोजा सोडणे हा त्याचा एक अर्थ. रात्रीच्या तरावीहच्या नमाजात दर चार रकातींनंतर थोडी विश्रांती घेतात, म्हणून ती तरावीह. उर्दूतला 'राहत' हा शब्द त्याच धातूचा.

अरबी क्रियापदाची सारी कारागिरी अशा तीन व्यंजनांवर चालते. क-त-ब म्हणजे लिहिणे. 'कतबा' म्हणजे त्याने लिहिले, 'कतबत' म्हणजे तिने लिहिले, 'यक्तुबु' म्हणजे तो लिहितो. व्यंजने जागा सोडत नाहीत. स्वर बदलतात, मागेपुढे एखादे अक्षर लागते. लिहिलेली ती किताब, लिहिणारा तो कातिब, मुले शिकतात तो मकतब. संस्कृत शिकलेल्याला यात नवल वाटणार नाही. लिख् धातूवरून लेख, लेखक, लेखणी, लिखित झालेच आहेत. दोन्ही भाषांची कुळे वेगळी. पण द्विवचन दोन्हीकडे आहे आणि आधी धातू ओळखा, हा धडाही दोन्हीकडे आहे.

अरबी शब्द मराठीत आले ते बहुतेक फारसीच्या वाटेने. बाळाला लागणारी नजर, मंजूर झालेला अर्ज आणि कोर्टातला नाझर ही एकाच धातूची लेकरे. पण मराठीने नुसती नामे घेतली नाहीत. 'खर्च'वरून तिने खर्चणे केले, 'बदल'वरून बदलणे. मी बदललो, ती बदलली, ते बदलतील, यातले प्रत्यय सगळे मराठी आहेत. नाम पाहुण्यासारखे ओसरीवर राहू शकते. ज्याला काळ, लिंग, वचन लागले ते माजघरात आले. अशा शब्दांना परके म्हणण्यात काय अर्थ?

हा विचार या शहराला नवा नाही. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम अनेक वर्षे येथूनच चालवले. १९२१मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक येथूनच सुरू केले. उर्दूचे व्याकरण लिहिणाऱ्या या विद्वानाने मराठीवरील फारसीच्या प्रभावावरही पुस्तक लिहिले. तिकडे माधव जूलियन यांनी १९२५मध्ये फार्शी-मराठी कोश दिला. दोघांनीही दुसऱ्याच्या भाषेचे दार वाजवले.

आजच्या वर्गात मात्र ही दारे बंद दिसतात. मदरशात अरबी क्रियापदाची चौदा रूपे, म्हणजे गर्दान, पाठ होते. शाळेत मराठीचे काळ आणि प्रयोग घोकले जातात. या दोन पाठांतरांची गाठ कोणी घालून देत नाही. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठी अवघड वाटते, त्याचे एक कारण हे आहे. घरी दखनीत तो 'मैं रोटी खाया' म्हणतो आणि त्याच वळणाने वहीत 'मी भाकरी खाल्लो' लिहितो. त्यावर लाल रेघ ओढून काम भागत नाही. त्याच्या उर्दूच्या पुस्तकात 'मैंने रोटी खाई' आहे, तिथेही क्रियापद रोटीच्या मागे जाते, एवढे दाखवले तर 'खाल्ली' का, हे त्याला चटकन कळेल. त्याच्या दखनीतला 'मैंच' मधला 'च' मराठीचाच आहे, हेही सांगावे. त्याची भीती अर्धी तिथेच जाईल.

यासाठी वेगळा निधी नको, नवे पुस्तकही नको. मराठीच्या शिक्षकाने शेजारच्या उर्दू शिक्षकाबरोबर महिन्यातून एक तास घ्यावा. मराठी माध्यमातल्या मुलांनी नजर, खर्च, बदल यांचे मूळ शोधावे. उर्दू माध्यमातल्या मुलांनी मराठी धातू चालवून पाहावेत. रमजाननंतर परीक्षेची घाई ओसरली की एखाद्या शाळेने तरी सुरुवात करावी. इफ्तारला एका दस्तरखानावर बसणाऱ्या शहराला एका फळ्यासमोर बसणे जड जाऊ नये.