शोधनिबंध मोजू नका, वाचा

ज्याच्या नावावर दोन हजारांहून अधिक शोधनिबंध आहेत, त्याच्या म्हणण्यावर शंका घेणारे तुम्ही कोण? २०२० साली हा सवाल जगाला महागात पडला. मार्सेयचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिदिए राउल्ट यांनी करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गुणकारी असल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या चाहत्यांनी पुरावा म्हणून त्यांची प्रकाशनांची यादीच पुढे केली.

पूर्वपक्षावर अन्याय नको. राउल्ट काही भोंदू नव्हेत. व्हिपल रोगाचा जीवाणू प्रयोगशाळेत टिकवून वाढवणे कुणाला साधत नव्हते; २००० साली त्यांच्या गटाने ते साधले. जीवाणू वाटावा एवढा मोठा मिमिव्हायरस २००३ मध्ये जगापुढे आणण्यातही त्यांचा वाटा होता. पण ही कमाई त्या-त्या निबंधाची. ती पुढच्या निबंधाला वारसाहक्काने मिळत नाही.

म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा त्यांचा वादग्रस्त निबंधच उघडू. औषध दिले २६ जणांना, हिशेबात धरले २०. उरलेल्या सहांपैकी तिघे अतिदक्षता विभागात गेले, एक दगावला, एक रुग्णालय सोडून गेला, एकाने मळमळीमुळे औषध थांबवले. ज्यांची प्रकृती ढासळली तेच गणतीतून बाहेर! निबंध १६ मार्चला दाखल झाला, १७ला स्वीकारला गेला, २०ला प्रसिद्ध झाला. सहलेखकांपैकी एक जण त्याच नियतकालिकाचा मुख्य संपादक होता. प्रसिद्धीच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी या निबंधाचा डंका पिटला. एप्रिलमध्ये त्यांच्या आग्रहावरून भारताने या गोळ्यांची निर्यातबंदी सैल केली. जूनमध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले की, या औषधाने रुग्णालयातल्या करोनाबाधितांचे मृत्यू घटत नाहीत. निबंध मात्र मागे घेतला गेला डिसेंबर २०२४मध्ये.

यावर कुणी म्हणेल, एका निबंधावरून माणसाची हयात मोजू नये. कबूल. पण मग हयातीवरून एक निबंध तरी का मोजावा? शिवाय चाळीस वर्षांत दोन हजार म्हणजे आठवड्याला एक निबंध. एवढ्या प्रत्येक कामातली मूळ आकडेवारी एका माणसाने बारकाईने तपासली असेल, हे मानायला मी तरी तयार नाही.

आता दुसरी बाजू पाहा: एखादा छोटा निबंधही किती मोलाचा ठरतो ते. रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात जाऊन कॉलऱ्याचा जीवाणू पक्का केला १८८४ साली. तो माणसाला मारतो कसा, हे मात्र पाऊणशे वर्षे उलगडले नव्हते. संशोधक जीवाणू प्राण्यांच्या शिरेत, पोटाच्या पोकळीत टोचत राहिले. त्याच कोलकात्यातल्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोऱ्याने दोन्हीकडून बांधला आणि त्यातच जीवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. पुढे जीवाणू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही तेच घडवले. म्हणजे कर्ता होता जीवाणूने सोडलेला विषारी पदार्थ. १९५९मध्ये ‘नेचर’ने हे छापले: छोटासा निबंध, लेखक एकच. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले; आपल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य केले नाही. १९८५ साली ते गेले.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे: आकडा निदान निःपक्षपाती असतो, तो सोडला तर वशिला बोकाळेल. पण आकड्यालाही वशिला लागतोच. विभागप्रमुखाचे नाव घुसडले जाते, पैसे मोजून छापून घेतले जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंधांची अट आहे, तिथे या वाटा सर्वांना ठाऊक आहेत. शोधनिबंध म्हणजे किलोवर घ्यायची रद्दी नव्हे. उमेदवाराला त्याचे उत्तम पाच निबंध निवडू द्या, ते निवड समितीने वाचावेत आणि मुलाखतीत विचारावे: यात तुम्ही नेमके काय केले, किती रुग्ण वगळले आणि का?

ज्या समितीला पाच निबंध वाचायला वेळ नाही, तिला संशोधक निवडण्याचा अधिकारही नसावा.