उमेदवार, जकात आणि आपली साखर



निवडणूक आपल्याकडची असो की परक्या मुलखातली, जकातीचा विषय निघाला की उमेदवारांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बाहेरचा माल अडवा, आपल्या माणसाच्या हाताला काम राहील. दुसरा म्हणतो, दारे उघडा, माल स्वस्त होईल. 2024 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेच झाले. डोनाल्ड ट्रम्प यांनी आयात होणाऱ्या सरसकट मालावर 10 ते 20 टक्के आणि चिनी मालावर 60 टक्के जकात बसवण्याची भाषा केली. कमला हॅरिस यांनी त्याला लोकांच्या खिशावर बसवलेला विक्रीकर म्हटले. आपल्या गट ऑफिसच्या कट्ट्यांवरही त्यावर पुष्कळ चर्चा झडल्या, आणि बहुतेकांचा कल असा दिसला की जो जकातीच्या बाजूचा, तो शेतकऱ्याच्या बाजूचा.

आम्हांला हे मान्य नाही. उलटही मान्य नाही. साखरेच्या बाबतीत तरी दारावरची पाटी वाचून आतला माणूस ओळखता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच 2024 च्या निवडणुकीत बघा. हॅरिस ज्या सरकारात उपाध्यक्ष होत्या त्या सरकारने ट्रम्प यांनी 2018 साली चिनी मालावर बसवलेली जकात बहुतांशी तशीच ठेवली होती, आणि चिनी विजेच्या मोटारींवरची तर 100 टक्क्यांवर नेली होती. साखरेचा विषय कोणी प्रचारात आणलाच नाही. अमेरिकेत बाहेरची साखर कोट्याने येते. प्रत्येक देशाला ठरावीक टन कमी जकातीवर, त्यापुढच्या कच्च्या साखरेला पौंडामागे 15 सेंटांहून जास्त जकात. आपल्या भारत देशाच्या वाट्याला या कोट्यात येतात जेमतेम साडेआठ हजार टन. म्हणजे एखाद्या मध्यम कारखान्याचे फार तर दोन-तीन आठवड्यांचे उत्पादन, आणि तेही अख्ख्या देशाला मिळून! राष्ट्राध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, पण ही साखरेची भिंत कोणी पाडली नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण या गोष्टीचा सगळ्यांत चांगला धडा तिथे आहे.

1887 च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी आपले वार्षिक निवेदन जवळजवळ पुरते जकातीवर खर्ची घातले. जकात कमी करा, सरकारच्या तिजोरीत गरजेपेक्षा जास्त पैसा साचतो आहे आणि तो गोरगरिबांच्या खिशातून येतो आहे, असे त्यांचे म्हणणे. 1888 ची निवडणूक याच मुद्द्यावर लढली गेली. समोर बेंजामिन हॅरिसन, संरक्षक जकातीचे खंदे पुरस्कर्ते. मते क्लीव्हलँड यांना जास्त पडली, पण तिथल्या पद्धतीप्रमाणे निवडून आले हॅरिसन. म्हणजे जकातवाले जिंकले. मग 1890 साली मॅकिन्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा जकात कायदा झाला आणि इतर मालावरची जकात चढली. आणि साखरेचे काय झाले? कच्च्या साखरेवरची जकात साफ काढून टाकली!

ऐकून चमत्कारिक वाटेल, पण हिशेब सरळ होता. त्या काळी साखरेवरची जकात हे अमेरिकेच्या तिजोरीचे फार मोठे उत्पन्न होते. तिजोरी तुंबली आहे, ही विरोधकांची तक्रार. मग लोखंड, कापड, लोकर यांच्या कारखानदारांचे संरक्षण राखायचे आणि तिजोरीही हलकी करायची, तर सोपा उपाय कोणता? साखर मोकळी करा. गृहिणी खूश, कारखानदार खूश. राहता राहिला लुइझियानाचा ऊसवाला. त्याला सरकारने पौंडामागे 2 सेंट बक्षिसी देऊ केली. शुद्ध साखरेवर मात्र पौंडामागे अर्धा सेंट जकात राखून ठेवली, म्हणजे साखर शुद्ध करणाऱ्या बड्या कारखानदारांची जी जूट होती, तिला कच्चा माल फुकट जकातीने आणि पक्क्या मालाला आडोसा. ज्याने ऊस पिकवला त्याला सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी, आणि ज्याने तो फक्त पांढरा केला त्याला कायद्याचे संरक्षण. हे वाचताना कोणाला आपल्याकडचे काही आठवले तर आमचा इलाज नाही.

1892 साली क्लीव्हलँड परत निवडून आले. आता दारे उघडणार, असे सगळे समजले. 1894 चा जकात कायदा सिनेटमध्ये गेला आणि बाहेर आला तेव्हा ओळखू येईना. शेकडो दुरुस्त्या झालेल्या. आणि साखर? साखरेवर 40 टक्के जकात परत बसली, लुइझियानाची बक्षिसी गेली. म्हणजे जकात नको म्हणणाऱ्या पक्षाने साखरेवर जकात बसवली, आणि जकात हवी म्हणणाऱ्यांनी ती काढली होती. क्लीव्हलँड इतके संतापले की त्यांनी त्या कायद्यावर सही केली नाही. तो सहीवाचूनच अमलात आला. सिनेटचे सभासद साखरेच्या शेअरांत सट्टा खेळत होते, असा बोभाटा होऊन चौकशीही बसली. त्या चौकशीत साखर कारखानदारांच्या जुटीचे प्रमुख हॅवमायर यांनी न लाजता सांगितले की आम्ही दोन्ही पक्षांना देणग्या देतो. ज्या राज्यात ज्याचे वजन, तिथे त्याला. म्हणजे त्यांना पाटी कधीच वाचावी लागली नाही.

जाता जाता एक गोष्ट. हवाई बेटांच्या राज्याला 1876 पासून अमेरिकेत बिनजकात साखर घालण्याची सवलत होती. 1890 साली सगळ्यांचीच कच्ची साखर बिनजकात झाली आणि त्यांची सवलत मातीमोल झाली. भाव कोसळले. 1893 च्या जानेवारीत तिथल्या राणी लिलिउओकलानी यांना गादीवरून काढण्यात आले आणि 1898 साली ते राज्यच अमेरिकेने पोटात घातले. त्याला इतर कारणेही होती, सगळे पाप साखरेच्या माथी मारता येणार नाही. पण वॉशिंग्टनमधल्या कायद्यातले एक कलम किती लांब जाऊन लागते, ते यावरून दिसते.

इतके जुने कशाला, अशी शंका कोणी काढील. तर 2004 सालचे घ्या. अमेरिकेत धाकटे बुश, ऑस्ट्रेलियात जॉन हॉवर्ड. दोघेही खुल्या व्यापाराचे नाव घेणारे. दोन्ही देशांत मुक्त व्यापाराचा करार झाला. त्या करारातून साखर संपूर्ण वगळली. क्वीन्सलँडच्या ऊस उत्पादकांना एक टनही जास्तीचा कोटा मिळाला नाही. पुढे वर्षअखेरीला ऑस्ट्रेलियात निवडणूक होती. हॉवर्ड सरकारने ऊस उत्पादकांसाठी सुमारे 44 कोटी डॉलरची मदत जाहीर केली. बाजार उघडता आला नाही, पैसे देऊन तोंड बंद केले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. क्वीन्सलँडचा शेतकरी तुमच्या-आमच्यासारखाच. त्याने पैसे घेतले, पण बाजार काही त्याला मिळाला नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. आपण जकातीवर बोलताना एक गोष्ट कबूल करूनच बोलले पाहिजे, ती म्हणजे आपला धंदा जकातीच्या भिंतीआड जन्माला आला. जावाची साखर मुंबई-कलकत्त्याच्या बंदरात स्वस्तात उतरत होती. टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून 1932 साली साखर उद्योग संरक्षण कायदा झाला आणि हंड्रेडवेटला, म्हणजे साधारण 50 किलोला, सव्वासात रुपये संरक्षक जकात बसली. त्या काळचा सव्वासात रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे. देशात तेव्हा आधुनिक कारखाने होते तीसेक. चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. जावाची साखर जवळजवळ बंद झाली. आणि 1934 साली सरकारने लगेच देशी साखरेवर अबकारी कर बसवला. आयातीची जकात बुडाली, ती कुठून तरी भरून काढायची होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकाराचा पाया घातला, तो याच्या नंतर, स्वातंत्र्य मिळाल्यावर. पण साखरेला देशात भाव टिकतो हा भरवसा त्या भिंतीनेच दिलेला होता. त्याची किंमत कोणी दिली? चहात साखर घालणाऱ्या प्रत्येक माणसाने. हे आपण नाकारू नये. नाकारले तर शहरातला मतदार आपले ऐकणार नाही.

ती भिंत अजून मोडलेली नाही. 2018 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने साखरेवरची आयात जकात 50 टक्क्यांवरून 100 टक्के केली. त्याबद्दल आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण भिंतीला दोन दरवाजे असतात. आत येण्याचा दरवाजा बंद करताना ज्याने आपली बाजू घेतली, तोच बाहेर जाण्याचा दरवाजा बंद करताना कोणाची बाजू घेतो?

2021-22 च्या हंगामात देशातून 110 लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली. 2022 च्या जूनपासून निर्यातीला परवानगीची अट आली. 2022-23 ला कोटा 60 लाख टनांवर आला. 2023-24 ला निर्यात बंद. आणि नेमक्या त्याच 2023 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला 28 सेंटांच्या घरात, बारा वर्षांतला सर्वांत चढा! डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंधन आले. त्या वर्षीचा ऑगस्ट शंभर वर्षांत पडला नाही इतका कोरडा गेला होता, हे खरे. साखर कमी पडेल ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण पुढे लोकसभेची निवडणूक होती, हेही खरे. त्याच सुमारास कांद्याची निर्यात बंद झाली आणि नाशिककडचे शेतकरी 2024 च्या प्रचारात उमेदवाराला गाडीतून उतरल्याबरोबर त्याचा जाब विचारू लागले. आपल्या ऊसपट्ट्यात असे किती ठिकाणी झाले? आम्हांला फार थोडी ठिकाणे आठवतात. आपण पहिली उचल किती, एवढ्यावरच सभा घेतल्या.

आणि उचल कुठून येते? साखरेच्या पोत्यातून. साखरेचा किमान विक्री दर 2019 च्या फेब्रुवारीत किलोला 31 रुपये ठरला. 2024-25 चा हंगाम आला तरी तो 31 च होता. या मुदतीत उसाचा रास्त व किफायतशीर दर, ज्याला आपण सगळे एफआरपी म्हणतो, तो क्विंटलला 275 वरून 340 रुपयांवर गेला. (मधल्या काळात त्याचा मूळ उतारा 10 टक्क्यांवरून सव्वादहा टक्क्यांवर नेला, तो वेगळा विषय.) उसाचा दर कायद्याने चढता, साखरेचा तळ जागच्या जागी, आणि बाहेरचा भाव चांगला असताना दरवाजा बंद. मग कारखान्याच्या ताळेबंदात काय दिसणार, ते सभासदांना सांगायला नको.

इथे आपल्याच लोकांना थोडे टोचून बोलतो. 2023 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली आणि आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली. त्या बंदीचे स्वागत करणारे आपल्या सहकारातच होते. कारखान्याला ऊस कमी पडू नये म्हणून शेतकऱ्याचा ऊस अडवायचा, आणि दिल्लीने ग्राहकाला साखर कमी पडू नये म्हणून आपली साखर अडवली की बोंब मारायची! मुलूख लहान-मोठा, रीत तीच. पूर्वी शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाच्या वेळी खुल्या बाजाराची बाजू घेतली तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले होते. आम्हांला त्यांचे सगळे आजही पटत नाही. आयातीची भिंत एका दिवसात पाडली तर ब्राझीलची साखर आपल्याला उभे राहू देणार नाही, असे आमचे मत आहे. पण सरकार शेतकऱ्याला देते थोडे आणि बंदी घालून काढून घेते जास्त, हा त्यांचा हिशेब खोडून काढणारा उमेदवार आम्हांला अजून भेटलेला नाही.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत उमेदवार गावात येईल, विधानसभेचा असो की लोकसभेचा, त्याला "तुम्ही खुल्या व्यापाराचे की संरक्षणाचे?" असे विचारू नका. तो तुमचा चेहरा बघून उत्तर देईल. त्याला असे विचारा की देशात किती लाख टन शिल्लक साठा असला म्हणजे तुम्ही निर्यात मोकळी ठेवाल, तो आकडा सांगा. निर्यात बंद करायचीच झाली तर हंगामाच्या आधी सांगाल की ऊस गव्हाणीत पडल्यावर? बंदीच्या काळात जो भाव बुडेल त्याची भरपाई कोण करील, तिजोरी की ऊसवाला? आणि किमान विक्री दर एफआरपीला बांधून द्याल का, म्हणजे एक चढला की दुसरा आपोआप चढेल? उमेदवार विधानसभेचा असेल तर म्हणेल, हे विषय दिल्लीचे. मग त्याला परराज्यात ऊस जाऊ देणार की नाही ते विचारा. तो विषय मुंबईचा आहे.

हे प्रश्न गटवार सभांतून आधीच लिहून काढले आणि सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना एकाच शब्दांत विचारले, तर उत्तरे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. जी उत्तरे येतील ती, ज्याच्या त्याच्या नावासह, या अंकात छापायला आम्ही जागा राखून ठेवू.