निम्म्या किमतीची गाडी, पुऱ्या किमतीची दुरुस्ती

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले आणि मोठ्या मोटारींवरील २८ टक्के कर व त्यावरचा भरपाई उपकर ही जोडी जाऊन तेथे ४० टक्क्यांचा एकच दर आला. आलिशान सेडान गाड्यांवर त्यापूर्वी ४५ ते ४८ टक्क्यांचा भार होता. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीही उतरते, हा बाजाराचा जुना नियम. साहजिकच, नवी कोरी मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यावी की तेवढ्याच पैशांत चार-पाच वर्षे वापरलेली जर्मन सेडान दारात उभी करावी, हा विचार पुण्या-मुंबईच्या पगारदार वर्गालाही आता अशक्य कोटीतला वाटेनासा झाला आहे.

या मोहात गैर काही नाही. मात्र त्याचा हिशेब बहुतेक वेळा अर्धाच मांडला जातो. गाडीचे वय वाढते तशी तिची किंमत घसरते. सुट्या भागांची किंमत घसरत नाही. समजा, साठ लाखांची सेडान पाच वर्षांनी पंचवीस लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलॅम्प, तिचे एअर सस्पेन्शन, तिच्या गिअरबॉक्समधले इलेक्ट्रॉनिक युनिट हे सारे साठ लाखांच्या गाडीचेच असते. मर्सिडीजची जुळणी १९९५ पासून पुणे परिसरात होते आणि आज ती चाकणला होते, ऑडी छत्रपती संभाजीनगरात तयार होते, याचा आपल्याला अभिमान असला तरी त्यामुळे सर्व्हिस सेंटरचे बिल हलके होत नाही. अशी खरेदी शहाणपणाची ठरते की घर खचवणारी, हे गाडीच्या चकाकीवर नव्हे, तर तिच्यासोबत येणाऱ्या वॉरंटीच्या कागदावर ठरते.

याबाबतीत कायदा ग्राहकाच्या पाठीशी कितपत आहे? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी परिवहन कार्यालयाच्या अधिकारपत्राची व्यवस्था आली. मूळ मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या हवाली करून तशी नोंद केली की तो विक्रेताच तिचा मानीव मालक ठरतो. विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येण्याचे प्रकार त्यामुळे थांबावेत, अशी अपेक्षा आहे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या विक्रीतील नफ्यावर सरसकट १८ टक्के कर सुचवला. म्हणजे मालकी कोणाची आणि कर किती, याची शासनाने काळजी घेतली. गाडी कोणत्या अवस्थेत विकली जात आहे, याबद्दल मात्र हे नियम मूक आहेत. अमेरिकेत १९८५ पासून विक्रेत्याला जुन्या गाडीच्या काचेवर ठरावीक तक्ता लावावा लागतो आणि वॉरंटी आहे की गाडी ‘आहे तशी’ विकली जात आहे, हे त्यावर स्पष्ट लिहावे लागते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने विक्रेत्याकडून घेतलेली सदोष जुनी गाडी तीस दिवसांत परत करण्याचा हक्क दिला. आपल्याकडे असा तक्ताही नाही आणि अशी मुदतही नाही. ही उणीव आज खासगी वॉरंटीच भरून काढते आणि म्हणूनच ती वाचून घ्यावी लागते.

वॉरंटी हा शब्द एकच असला, तरी त्यामागे उभी राहणारी माणसे वेगवेगळी असतात. सर्वांत भक्कम ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची मूळ किंवा वाढीव वॉरंटी. ती साधारणपणे गाडीसोबत नव्या मालकाकडे जाते. पण चासी क्रमांक देऊन अधिकृत केंद्रातून ती किती तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत जिवंत आहे, हे आपण स्वतः विचारावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला येथे काडीचीही किंमत नाही. त्याखालोखाल मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी यांच्या प्रमाणित जुन्या गाड्यांच्या योजना येतात. तेथे गाडी महाग पडते, पण तो जादा पैसा बहुधा सार्थकी लागतो. तिसरा प्रकार विक्रेत्याने किंवा त्रयस्थ कंपनीने दिलेल्या वॉरंटीचा. यात अनेकदा फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स येतात, भरपाईला कमाल मर्यादा असते आणि आलिशान गाडीत सर्वाधिक छळणारे सेन्सर, सस्पेन्शन, वातानुकूलन नेमके वगळलेले असते. वगळलेल्या भागांची यादी आधी वाचावी, समाविष्ट भागांची नंतर.

बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली की वॉरंटी संपली, असे सर्रास सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्धच्या निकालात अशी सरसकट अट घालू नये, असे बजावले होते. प्रकरण अपिलात गेले आणि ग्राहकाच्या पदरी व्यवहारात फारसे पडले नाही. म्हणून सलग अधिकृत सर्व्हिस रेकॉर्ड असलेलीच गाडी घेणे सुरक्षित. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवले असतील तर तेही बहुधा याच नोंदींत उघडे पडते.

आता गाडी कोणती? जुन्या बीएमडब्ल्यू ३२०डी व ५२०डीमधील एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन, २०१२ पूर्वीच्या ऑडी टीएफएसआय इंजिनांचे तेल पिणे, मर्सिडीजच्या ओएम६५१ इंजिनाचे सुरुवातीचे इंजेक्टर ही दुखणी जगजाहीर आहेत. या गाड्या आज दहा-बारा लाखांच्या आत दिसल्या तर त्या का स्वस्त आहेत, हे आपल्याला ठाऊक असावे. दिल्लीतील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांच्या निर्बंधांमुळे तिकडून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचेही तेच. शिवाय बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास फेरनोंदणी व येथील कर आलाच. रोज ठाणे ते वांद्रे-कुर्ला संकुल एवढाच प्रवास असेल तर बीएस-६ डिझेलचा हट्टही नको. संथ रहदारीत धुराचा फिल्टर तुंबतो. माझे मत विचाराल तर, मान थोडी कमी मिळेल पण झोप शांत लागेल अशी गाडी म्हणजे टोयोटाची कॅमरी हायब्रिड. तिच्यातही तारीख पाहावी. ऑगस्ट २०२१ पासून विकलेल्या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे; त्याआधी ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरच होती. जर्मनच हवी असेल तर कंपनीची वॉरंटी किमान दीड-दोन वर्षे शिल्लक असलेली घ्यावी आणि ती वाढवून मिळते का, हे सौदा होण्यापूर्वीच विचारावे.

पुराच्या पाण्याविषयी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ नंतर धुऊन-पुसून विकल्या गेलेल्या गाड्या अनेकांना आठवत असतील. सीटखालचा गालिचा उचलून पाहावा, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे. जुन्या विमा पॉलिसीवरील नो क्लेम बोनसही बोलका असतो. चार वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर कारण विचारायलाच हवे.

आणि व्यवहार कोणाशी होतो, हेही पाहावे. व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच, आणि तेही दोन वर्षांच्या आत. शेजारच्या सोसायटीतील गृहस्थांकडून गाडी घेतली तर ती दाद नाही, उरतो तो दिवाणी दावा. तेव्हा त्यांच्याकडून घेताना पूर्ण पैसे देण्यापूर्वी गाडी अधिकृत केंद्रात तपासून घ्यावी, लेखी अहवाल हाती ठेवावा आणि विमा नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्यावा.