न्याहारीचा हिशेब

आमच्या फाटकावर गेली चार वर्षे एक लहानशी पाटी आहे : 'निवास व न्याहारी'. सरकारी भाषेत या उद्योगाला हेच नाव आहे. पाटी लावली त्या दिवशी शेजारच्या काकूंनी थांबून ती दोनदा वाचली आणि विचारले, "म्हणजे खाणावळ का ग?"

मी पडले मराठीची प्राध्यापिका. दोन शब्दांतला फरक उलगडून सांगण्याची मला भारी हौस. म्हटले, "खाणावळ नव्हे हो काकू. पाहुणे येणार, राहणार, सकाळी न्याहारी करून पुणे बघायला बाहेर पडणार."

"आणि जाताना पैसे देणार?"

"अर्थात!"

"मग पाहुणे कसले?" असे म्हणून काकू भाजी आणायला निघून गेल्या.

सासरे गेल्यानंतर मॉडेल कॉलनीतल्या या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. घर जुने, छत गळके. बिल्डर मंडळी दर महिन्याला रंगीत नकाशे घेऊन येत. सासूबाईंना घर सोडायचे नव्हते आणि आमच्या पगारात छत होत नव्हते. तेव्हा हा मार्ग निघाला. घरमालकाने त्याच घरात राहिले पाहिजे, ही या योजनेची मुख्य अट. ती पाळायला आम्हाला मुळीच जड गेले नाही.

पाहुण्यांना तोटा नाही. जवळच रमामणी अय्यंगार योगसंस्था. १९७५ सालापासून तिथे जगभरची माणसे शिकायला येतात आणि दोन-दोन महिने राहतात. डिसेंबरात 'सवाई गंधर्व'साठी धारवाड-इंदूरकडचे कानसेन येतात. रात्री उशिरा परततात आणि भैरवी अंगणातच गुणगुणत उभे राहतात. अनंत चतुर्दशीला एका जर्मन गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले होते, "मिरवणूक किती वाजता संपते?" मी म्हटले, "उद्या." त्यांनी वहीत लिहून घेतले.

बाकी रोजचे काम म्हणजे चादरी, गीझर आणि किल्ल्या. नागपूरची बस पहाटे साडेचारला पोहोचते, तेव्हा आपणही साडेचारलाच उठायचे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, अशी पाटी लावण्याचा ह्यांचा बेत होता; पुण्याची आहे ती अब्रू पुरे, म्हणून मी तो हाणून पाडला.

न्याहारीचे खाते मात्र सासूबाईंचे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. पण पोहे, उपमा, थालीपीठ त्यांच्याच हातचे. शनिवारी त्यांचा उपास, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी. एका जपानी बाई तर शनिवारची वाट बघत.

गेल्या जूनमध्ये परभणीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करायची होती. पेठेत कुठे कॉट बेसिसवर जागा मिळेपर्यंत दोन दिवस राहणार होते. दर ऐकून ते जरा थांबले. मग चप्पल काढता काढता म्हणाले, "मॅडम, न्याहारी नको आम्हाला. नुसत्या निवासाचे किती पडतील?"

मी लगेच हिशेब केला. माणशी एकशेवीसप्रमाणे दोघांचे रोजचे दोनशेचाळीस कमी केले. आपण किती चोख आणि न्यायी आहोत, असेही मनात येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पोह्यांना वाफ येत होती. सासूबाईंनी विचारले, "वरचे पाहुणे आले नाहीत ते?"

"त्यांनी न्याहारी घेतलेली नाही, आई. तेवढे पैसे कमी केलेत मी."

त्यांनी गॅस बंद केला. काही न बोलता दोन बश्या भरल्या, खोबरे-कोथिंबीर घातली, एक बशी स्वतः उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. दोन वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या. दुसरी बशी घेऊन मी मागे. वरच्या पायरीवर बाप-लेक बसले होते. मध्ये बिस्किटांचा पुडा. आम्हाला पाहताच गृहस्थ गडबडून उठले. "नको, नको, आम्ही मॅडमना सांगितलं होतं..."

"गार होतील," सासूबाई म्हणाल्या. "खाऊन घ्या आधी."

मुलीने बापाकडे पाहिले आणि बशी घेतली.

सासूबाईंचे वडील १९२६ साली राजापूरकडून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले, हे मला ठाऊक होते. किंबहुना 'माधुकरी' आणि 'वार' हे शब्द मी वर्गात दरवर्षी समजावून सांगते. माधुकरी म्हणजे घरोघर जाऊन शिजवलेले अन्न झोळीत मागून आणणे. वार म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवणे. गरीब विद्यार्थ्यांसाठी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, हेही सांगते. मुले लिहून घेतात. मीही ते लिहून घेण्यापुरतेच ठेवले होते, असे त्या दिवशी दिसले.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आमचे नाना शनिवार करायचे, तुला माहीत आहे ना?"

"मारुतीचा."

"लोकांना तसंच वाटायचं. त्यांना सहाच घरं मिळाली होती. सातवं मिळेना. मग शनिवारी उपास आहे म्हणून सांगायचे."

"पण पुढे नोकरी लागली, संसार झाला, तरी?"

"सवय झाली म्हणायचे." थोडे थांबून म्हणाल्या, "त्यांचा बघून मीही धरला."

दरपत्रक मी त्याच रात्री बदलले. आता त्यावर खोलीचा एकच आकडा आहे; न्याहारीचा उल्लेख नाही. ती कुणालाही नाकारता येत नाही. अर्थात न्याहारीचे पैसे मी खोलीत मिळवले होते. ह्यांनी कागद पाहून विचारले, "म्हणजे बेरीज तीच?" बेरीज तीच होती. आठ दिवस ते मनाला टोचत राहिले. शेवटी सासूबाईंना सांगून टाकले. वाटले होते, रागावतील.

"खोलीचं काय हवं ते घे," त्या म्हणाल्या. "छत करायचंय अजून. पण पोटाला चिमटा काढून कुणी आपल्याकडे पैसे वाचवायला नको."

ती मुलगी आता नारायण पेठेत राहते. दिवस अभ्यासिकेत, जेवण मेसचे. जाताना सासूबाईंनी तिला बजावून सांगितले होते, "आमच्याकडे तुझा एक वार." ती येते. ताट स्वतः घासते, सासूबाईंना वर्तमानपत्रातल्या लहान अक्षरातल्या बातम्या वाचून दाखवते. परीक्षा जवळ आल्यामुळे दिवाळीला गावी जाणार नाही. फराळाला इथेच आहे.

परवा त्या जपानी बाई पुन्हा आल्या. न्याहारीच्या टेबलाशी बसून त्यांनी विचारले, "आज शनिवार ना? खिचडी कुठे गेली?"

त्यांना काय सांगणार? शनिवारी आता आमच्याकडे पोळी-भाजी असते, वरणभात असतो. दुपारी बाराला ती मुलगी येते आणि सासूबाई तिच्या शेजारी पान घेऊन बसतात.