ऊन मक्त्याने देणे आहे!

मलकापुरात अशी एक वस्तू आहे, की जिचा तुटवडा आजवर कोणत्याही सरकारला पाडता आलेला नाही. साखर गेली, रॉकेल गेले, नळाचे पाणी तर वरचेवर जाते. पण ऊन मात्र आम्हांला रेशनकार्डावाचून, रांगेवाचून आणि कोणाच्या शिफारशीवाचून पोटभर मिळत आले. मे महिन्याच्या दुपारी मुंबई-नागपूर गाडी आमच्या स्थानकात थांबली, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा उतारू खिडकी खाली ओढतो आणि ‘इथे माणसे राहतात तरी कशी?’ अशा नजरेने शेजाऱ्याकडे पाहतो. राहतो बुवा! डोक्याला दुपट्टा गुंडाळून राहतो. या उन्हाला आम्ही पिढ्यानुपिढ्या शिव्याच दिल्या. आता कळते आहे की तो परसात पुरलेला हंडा होता, आणि त्याचा पत्ता आमच्याआधी दुसऱ्यांनाच लागला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका वयोवृद्ध नातलगाच्या वावरापाशी एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली. आतून उतरलेला तरुण बोलायला मोठा गोड. धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून त्याने आधी विजेचे उपकेंद्र किती लांब ते विचारले आणि मग मुद्द्याला हात घातला.

“काका, एकरी पन्नास हजार. दरसाल. पेरायचं नाही, निंदायचं नाही, फवारायचं नाही. घरी बसून पैसे.”

“अन् वावर?”

“वावर तुमचंच की, काका! सातबाऱ्यावर नाव तुमचंच.”

“मंग कुंपनाचं कुलूप कोनाचं?”

तरुण हसला. चहा पिऊन गेला. कुलपाचे उत्तर काही त्याने दिले नाही. आणि ज्यांनी द्यायला हवे, ते विजेच्या नव्या युगावर व्याख्याने देण्यात गुंतले आहेत. म्हणून हा लेख. ऐन दिवाळीत हे कडू कशाला, असे कोणी म्हणेल. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचे कडू जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. तेवढी मुभा वऱ्हाडातल्या माणसालाही असावी.

प्रथमच सांगून टाकतो, की मी सूर्याच्या विजेचा वैरी नाही. मलकापूरचा माणूस तसा असूच शकत नाही. आमच्या पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगर, पूर्वेला अकोला जिल्ह्यात पारस. एकाच लोहमार्गावर कोळशाची दोन वीजकेंद्रे, आणि मध्ये आम्ही. इतकी वर्षे कोळशाच्या वाघिणी मोजण्यात आमच्या पोरांचे बालपण गेले आणि शेतकऱ्याच्या पंपाला मात्र वीज मिळाली ती आळीपाळीने: कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास. माघाच्या थंडीत रात्री दोन वाजता हाती बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी देणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे. बांधावर पाय पडला तो दोरीवर की सापावर, या विचाराने ज्याच्या अंगावर काटा आला आहे, तो दिवसाच्या विजेला नाही कसा म्हणेल? महाराष्ट्र सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती. गावाच्या उपकेंद्राजवळ सौरपट्ट्यांचे रान उभारायचे आणि ती वीज दिवसा शेतीच्या वाहिनीला सोडायची, ही कल्पना मुळात उत्तम आहे. योजना काढणाऱ्याच्या तोंडात साखर पडो.

आणि हे सारे अचंबा वाटावा अशा वेगाने झाले, हेही खरे. विल्यम ॲडम्स नावाच्या मुंबईतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन गोळा करून पाणी उकळले आणि उष्ण देशांत सरपणाऐवजी सूर्य वापरावा असे पुस्तक १८७८ साली मुंबईतच छापले. लोकांनी बहुधा गंमत म्हणून पाहिले असेल. उन्हापासून सरळ वीज काढणारी सिलिकॉनची चकती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत निघाली ती १९५४ साली. आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियान २०१० साली सुरू झाले, तेव्हा २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॉट हे ध्येय पुष्कळांना फुशारकीचे वाटले होते. २०२५ च्या आरंभी देशाने एक लाख मेगावॉटचा आकडा ओलांडला. २०१० च्या लिलावात सौर विजेचा सर्वांत स्वस्त भाव युनिटला जवळजवळ अकरा रुपये होता. २०१७ साली राजस्थानातल्या भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. इतक्या झपाट्याने स्वस्त झालेली दुसरी कोणती वस्तू आमच्या संसारात आहे, ते गृहिणींनीच सांगावे.

(जाता जाता एक गंमत. या पट्ट्यांना ऊन हवे असते, उकाडा नको असतो. पट्टी जसजशी तापते तसतशी तिची वीज घटते, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का. म्हणजे मलकापूरच्या वैशाखात तीही आमच्यासारखीच सुस्तावते.)

माझे भांडण सूर्याशी नाही, कागदाशी आहे. वऱ्हाडात वावर दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन रीती आहेत. एक मक्त्याची: ठरलेली रक्कम घ्यायची आणि वर्षभर तिकडे पाहायचे नाही. दुसरी बटईची: पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. आज गावोगावचे ऊन मक्त्याने चालले आहे, आणि तेही वर्षाच्या नव्हे, पंचवीस-तीस वर्षांच्या मक्त्याने. मक्त्यापासून मक्तेदारीपर्यंत अंतर किती, हे शब्दच सांगतो.

हिशेब करून पाहू. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, चार धरू. तेवढ्यातून वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट निघतात. युनिटला तीन रुपये धरले तरी पंचेचाळीस लाखांचे पीक झाले. जमिनीचा सरकारमान्य मक्ता एकरी पन्नास हजार, म्हणजे चार एकरांचे दोन लाख. रुपयामागे साडेचार पैसे! जमीन पाच एकर धरली तर साडेपाच. बटईत ज्याची जमीन त्याला आठ आणे मिळत, म्हणून इथेही आठ आणे द्या, असे मी म्हणत नाही. भांडवल कंपनीचे आहे. मेगावॉटला साडेतीन-चार कोटी घालावे लागतात, बँकेचे व्याज आहे, पट्ट्या बदलणे-धुणे आहे. हे सगळे मान्य. पण आठ आणे आणि साडेचार पैसे यांच्यामध्ये कोठेतरी न्याय नावाचे एक गाव असेल की नाही?

आता कोणी म्हणेल, की कोरडवाहू एकराला पन्नास हजार काय थोडे झाले? थोडे नाहीत. हेच तर दुःख आहे. एकरी पाच क्विंटल कापूस हमीभावाने विकला तरी हाती चाळीस हजारांच्या आतबाहेर येतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा केली की उरते ते लेकीबाळींसमोर सांगण्यासारखे नसते. अशा माणसापुढे पन्नास हजार ठेवून ‘पाहा, तो राजीखुशीने सही करतो आहे’ असे म्हणणे, हे उपाशी माणसाच्या भुकेला त्याची आवड म्हणण्यासारखे आहे. शेतीच फायद्याची असती तर मक्ता किती द्यावा लागला असता? तो भाव कोणी काढलेला नाही.

शिवाय हा मक्ता वाढतो कसा? दरसाल मूळ रकमेवर तीन टक्के. पंचवीस वर्षांनी पन्नासाचे सत्त्याऐंशी हजार होतील. धनत्रयोदशीला सराफाकडे जाणाऱ्या वाचकांनी आठवून पाहावे: २००० साली दहा ग्रॅम सोने साडेचार हजारांच्या आत मिळत होते, २०२५ साली ते लाखाच्या वर गेले. त्या सत्त्याऐंशी हजारांत नातवाला काय येईल, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

पण निदान वावराच्या धन्याला काहीतरी मिळते. त्याच वावरात निंदायला आणि वेचायला येणाऱ्या बाईला काय मिळते? दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो, पहिल्या वेचणीआधी सीतादहीची पूजा होते, आणि मग बायांच्या टोळ्या कमरेला ओटे बांधून तासातासांतून पुढे सरकतात. तिच्या वर्षाच्या मिठामिरचीचा आणि पोरांच्या कपड्यांचा पैसा त्या वेचणीतून येतो. चार एकरांना कुंपण पडले की तिचे काम गेले. पुढे तिथे लागतो एक राखणदार आणि पट्ट्या धुवायला चार माणसे. करारनाम्यात तिचे नाव नाही, कारण सातबाऱ्यावर ते कधी नव्हतेच. हे मी कल्पनेने लिहीत नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडला सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. एकराला वर्षाचे एकवीस हजार या दराने जमिनी घेतल्या. ज्यांची जमीन मोठी त्यांचे बरे झाले. भूमिहीनांना मात्र मजुरी शोधीत गाव सोडावे लागले.

गायरानाची कथा याहून वाईट. आमच्याकडे त्याला ई-क्लास म्हणतात. कागदावर ती सरकारची, वापरात ती गावातल्या शेळ्यांची. सौर योजनेसाठी सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने देण्याची सोय झाली आहे. तिथे पन्नास हजारांचाही प्रश्न नाही. शेळीला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीला म्हणून दरसाल पाच लाखांचे अनुदान ठरले, तेही तीन वर्षे. पट्ट्या पंचवीस वर्षे आणि अनुदान तीन! उरलेली बावीस वर्षे गावाने कुंपणाकडे पाहून काढायची काय?

खानदेशातले एक नाव इथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी घेतली गेली, पुढे त्या प्रकल्पाचा सौर प्रकल्प झाला. मोबदला मिळाला सुमारे चार लाख. शेजाऱ्यांना कितीतरी पट अधिक मिळाल्याची त्यांची तक्रार होती. खेटे घालून थकल्यावर २२ जानेवारी २०१८ रोजी या म्हाताऱ्याने मंत्रालयात विष घेतले, आणि २८ जानेवारीला तो गेला. मग फेरमूल्यांकनाला वेग आला. सूर्याची वीज निर्मळ असते खरी, पण तिच्या कागदपत्रांनाही तो गुण आपोआप लागत नाही.

आम्हां वऱ्हाडी लोकांना हा अनुभव नवा नाही. १८६७ साली रेल्वे मलकापुरावरून नागपूरला पोहोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आमच्या जिल्ह्यात खामगावची लाइन उघडायला आले. माणसांसाठी आले असे आम्हांला वाटले. ते कापसाच्या गाठींसाठी आले होते. पिकवणारे आम्ही, सूत काढणारे लँकेशायर, आणि धोतरजोडी पुन्हा आम्हीच विकत घ्यायची. तेव्हा परका राजा होता. आज कोणाला दोष देणार?

‘मग तुम्हीच का नाही पट्ट्या लावत?’ असा प्रश्न आला, म्हणजे खरी गोष्ट निघते. कायद्याने दार उघडे आहे. २०१९ च्या कुसुम योजनेत शेतकरी, त्यांच्या सहकारी संस्था, पंचायती यांना पडीक जमिनीवर दोन मेगावॉटपर्यंत केंद्र काढता येते. पण दाराचा उंबरठा कोटींचा आहे आणि बँक तारण मागते. राज्याच्या योजनेत तर निविदा अनेक उपकेंद्रांच्या गठ्ठ्याने निघाल्या. गठ्ठ्याला हात घालणारे हात कोणाचे असतात, ते सांगायला नको.

सहकाराचे नाव काढले की शहाणी माणसे हसतात. मुळा-प्रवरा वीज संस्थेचे काय झाले, असे विचारतात. तिचे वितरण २०११ साली महावितरणकडे गेले, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढला, तेव्हाही लोक हसलेच होते. आणि इतक्या मागे कशाला जायचे? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. दिवसा आपल्या पिकाला पाणी द्यायचे, उरलेली वीज सरकारी कंपनीला करारभावाने विकायची. सहा माणसे! आमच्याकडे भजनी मंडळातही याहून अधिक असतात. पट्ट्या उंच उभारून त्यांखाली पिके घेण्याचे प्रयोग परभणीच्या कृषी विद्यापीठातही झाले आहेत. म्हणजे वावर की वीज, असे कोडे घालण्याचेही कारण नाही.

माझे मागणे फार नाही. मक्त्याच्या जोडीला युनिटमागे ठरावीक पैसे जमीनमालकाला मिळावेत. युनिटमागे दहा पैसे ग्रामसभेच्या खात्यात, पट्ट्या आहेत तोवर. मेगावॉटला दीड लाख होतात, आणि त्यांतला पहिला हक्क भूमिहीन बायांचा. ई-क्लास जमिनीला ग्रामसभेच्या ठरावावाचून हात लावू नये. आणि पंचवीस वर्षांनी त्या काचा, ते लोखंड, ते सिमेंटचे खांब कोण उपसून नेणार, हे पहिल्याच पानावर लिहावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौरपट्ट्या आल्या आहेत, त्या करारातही येऊ द्या.

आमच्या नातलगांनी अजून सही केलेली नाही. नाहीही म्हटलेले नाही. घरात नातीचे लग्न आहे आणि सोयाबीनने यंदाही धोका दिला. पांढरी मोटार दिवाळी झाल्यावर पुन्हा येणार आहे. या खेपेस निंबाखाली आम्ही सहा-सात जण असू. कागद मराठीत आणावा आणि कुलपाची गोष्ट त्यात लिहून आणावी, असा निरोप आगाऊ धाडून ठेवला आहे.